अमेरिकी उघडटपी मोटारगाडी : दुर्मिळता व मूळ साधनसामग्री

जिचा टप कापडाचा किंवा तत्सम लवचिक द्रव्याचा असून घडी करून मागील आसनामागे बसविता येतो, आणि टप चढवून दारांच्या काचा वर घेतल्या असता जी बंद गाडीसारखी वापरता येते, अशा मोटारगाडीस अमेरिकेत कनव्हर्टिबल म्हणतात. ब्रिटिश परंपरेतील ड्रॉपहेड कूपे हा हिचाच भाऊबंद होय. मुंबईकडे अशा गाडीस सरसकट ‘ओपन गाडी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी ओळख पटविण्याच्या कामी तो सोडावा लागतो. उघड्या गाड्यांचे निदान तीन प्रकार वेगळे मानले जातात. रोडस्टर ही दोन आसनांची, टुअरर किंवा फीटन ही चार-पाच आसनांची. या दोन्हींच्या दारांना खालीवर सरकणाऱ्या काचा नसतात व पावसात बाजूंना गुंड्यांचे पडदे लावावे लागतात. कनव्हर्टिबलच्या दारांना मात्र काचा असतात व त्या दाराच्या पोटात उतरतात. भारतात दुसऱ्या महायुद्धापूर्वी आलेल्या बहुसंख्य उघड्या अमेरिकी गाड्या फीटन प्रकारच्या आहेत. त्यांना कनव्हर्टिबल म्हणून दाखविले जाते, ते चूक आहे.

काचांची उघडटपी गाडी अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. १९३९ मध्ये प्लिमथने निर्वाताच्या जोरावर आपोआप उघडझाप होणारा टप दिला. महायुद्धानंतर ही क्रिया द्रवीय दाबाने होऊ लागली. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात पोलादी छतच मागच्या पेटीत दडविणारी स्कायलायनर ही गाडी काढली व तिच्या तीन वर्षांत मिळून ४८,३९४ गाड्या बनविल्या. पुढे वातानुकूलन, जलदगती महामार्ग आणि गाडी उलटल्यास प्रवाशांच्या रक्षणासंबंधीच्या नियमांची धास्ती यांमुळे हा प्रकार मागे पडला. २१ एप्रिल १९७६ रोजी कॅडिलॅक एल्डोराडोची अखेरची उघडटपी गाडी कारखान्याबाहेर पडली. त्या वर्षी अशा १४,००० गाड्या निघाल्या होत्या आणि शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या रंगाच्या होत्या. ‘शेवटची’ म्हणून अनेकांनी त्या न वापरता जपून ठेवल्या. पण क्रायसलरने १९८२ मध्ये लबॅरनच्या रूपाने हा प्रकार पुन्हा बाजारात आणला, आणि एल्डोराडोच्या साठेबाजांची निराशा झाली. दुर्मिळतेच्या इतिहासात हा प्रसंग बोधप्रद आहे : मुद्दाम जपलेली वस्तू क्वचितच दुर्मिळ होते.

मुंबईचा संबंध : अमेरिकी गाड्या मुंबईत दोन वाटांनी आल्या. पहिली, बोटीतून तयार गाडी उतरविण्याची; दुसरी, सुटे भाग आणून येथे जोडण्याची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला व तेथे शेव्हरोले गाड्या, मालमोटारी व बसगाड्या जोडल्या जाऊ लागल्या. फोर्डची भारतीय शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली. ती अमेरिकेतील मूळ कंपनीची नसून कॅनडातील फोर्ड कंपनीची उपशाखा होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून क्रायसलरशी झालेल्या करारान्वये १९४९ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनुसार प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कारखान्यांना वाव उरला नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम बंद केले, फोर्डनेही त्याच सुमारास आवरते घेतले.

ओळख पटविताना या इतिहासातील दोन गोष्टी विसरता येत नाहीत. ब्रिटिश साम्राज्यात डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी उजव्या बाजूस सुकाणूचक्र असलेल्या अमेरिकी गाड्या मोठ्या प्रमाणावर कॅनडातून येत, कारण साम्राज्यांतर्गत जकात सवलतीचा लाभ त्यांना मिळे. म्हणून येथील एखाद्या फोर्ड मॉडेल ए गाडीचा क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर तो बनावट नसून कॅनडाच्या उगमाची खूण आहे. महायुद्धोत्तर काळात कॅनडातील पाँटिअॅक गाड्यांचा सांगाडा व एंजिन शेव्हरोलेचे असे. अमेरिकी पुस्तकातील पाँटिअॅकचे वर्णन हाताशी धरून अशी गाडी तपासणारा तिला निष्कारण खोटी ठरवील. दुसरी गोष्ट नावांची. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय या मुंबईकरांना परिचित असलेल्या गाड्या वस्तुतः एकाच प्लिमथ देहाची निरनिराळ्या नामपट्ट्यांची रूपे होती. पहिली दोन नावे निर्यातीसाठी योजलेली असल्याने अमेरिकेतील सूचींत ती सहसा आढळत नाहीत. कुर्ल्याहून निघालेल्या गाड्या प्रामुख्याने चार दारांच्या बंद गाड्या होत्या. तेव्हा ‘कुर्ल्याची उघडटपी डॉज’ समोर आली, तर तिचे छत कोणी व केव्हा कापले हा पहिला प्रश्न विचारावा.

१९५४ नंतर मोठ्या अमेरिकी उघडटपी गाड्या येथे आल्या त्या मुख्यत्वे परराष्ट्र वकिलाती व परदेशी कंपन्यांचे अधिकारी यांच्याबरोबर. त्या परत न नेल्यास राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. संस्थानिकांच्या पागा ओसरल्यावर आणि या विक्रीतून ज्या गाड्या हाती आल्या, त्यांवर पश्चिम भारतातील संग्रह उभे राहिले. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळील कठवाडा येथे उभारलेले ऑटो वर्ल्ड हे त्यांतील सर्वांत विस्तृत. ब्रिटिश गाड्यांबरोबरच तेथे अमेरिकी गाड्याही आहेत.

दुर्मिळता : एखाद्या गाडीची दुर्मिळता तीन निरनिराळ्या अर्थांनी सांगितली जाते : त्या प्रकारच्या किती गाड्या बनल्या, त्यांतील किती उरल्या, आणि विशिष्ट साधनसामग्री असलेल्या किती होत्या. विक्रेते या तिन्हींची गल्लत करतात, कधी अजाणता तर पुष्कळदा जाणूनबुजून. पहिली संख्या बहुधा निश्चित असते. जनरल मोटर्सने १९५३ मध्ये तीन खास उघडटपी गाड्या काढल्या : कॅडिलॅक एल्डोराडो ५३२, ब्यूक स्कायलार्क १,६९० आणि ओल्ड्समोबिल फिएस्टा ४५८. १९५७ ची पाँटिअॅक बॉनव्हिल ६३० निघाली. ज्या गाड्यांत बहुतेक सर्व साहित्य मुळातच समाविष्ट असे, त्यांच्या बाबतीत तपासणी सोपी असते. स्कायलार्कला तारांच्या आऱ्यांची चाके असलीच पाहिजेत, कारण ती वैकल्पिक नव्हती.

याउलट १९५७ च्या शेव्हरोले बेल एअर या सर्वाधिक परिचित उघडटपी गाडीच्या ४७,५६२ प्रती निघाल्या. संख्येच्या दृष्टीने ती दुर्मिळ मुळीच नाही. तिच्यातील दुर्मिळता साधनसामग्रीत असते. सहा सिलिंडरांचे साधे एंजिन असलेली बेल एअर आणि २८३ घन इंच (सु. ४·६ लिटर) क्षमतेच्या व्ही-८ एंजिनावर रॉचेस्टर इंधन अंतःक्षेपण यंत्रणा बसवून २८३ अश्वशक्ती देणारी बेल एअर बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात, किमतीत मात्र त्यांची तुलना होत नाही. नेमका येथेच खोटेपणास वाव मिळतो. अंतःक्षेपण यंत्रणा ही एंजिनाच्या माथ्यावर बोल्टांनी बसविण्याची वस्तू असून ती एका गाडीवरून काढून दुसरीवर चढविता येते.

मूळ साधनसामग्री : या संज्ञेत कारखान्यात गाडी तयार होत असता तिच्यावर बसविलेले साहित्यच येते. विक्रेत्याने ग्राहकाच्या सांगण्यावरून आपल्या दुकानात बसविलेले साहित्य हा दुसरा वर्ग होय. कंपनीचेच व त्याच वर्षाचे असले, तरी त्याला मूळ न म्हणता समकालीन म्हणणे योग्य. रेडिओ, मागच्या चाकांवरील झाकणे, मागे बाहेर टांगलेले जादा चाक, आरसे व दिवे यांचा निर्णय बहुधा या सीमारेषेवर अडतो. तिसरा वर्ग नंतर केव्हाही, कोणीही बसविलेल्या साहित्याचा. सुस्थितीतील प्रत्येक गाडीत हे तिन्ही वर्ग मिसळलेले असतात व तसे असण्यात दोष नाही; दोष असतो तो तिसऱ्याला पहिला म्हणण्यात.

तपासणीचा आधार म्हणजे गाडीवरील क्रमांक. १९५७ च्या शेव्हरोलेचे उदाहरण घेऊ. वाहनाचा क्रमांक पुढील डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर जडविलेल्या पट्टीवर असतो. ‘व्हीसी५७एफ१००००१’ अशा क्रमांकातील ‘व्ही’ हे अक्षर आठ सिलिंडरांच्या एंजिनाचे, ‘सी’ बेल एअर श्रेणीचे, ५७ हे वर्षाचे व ‘एफ’ फ्लिंट येथील कारखान्याचे निदर्शक असून पुढे अनुक्रमांक येतो. सहा सिलिंडरांच्या गाडीला ‘व्ही’ नसतो. ‘सी५७’ अशा आरंभाच्या गाडीत व्ही-८ एंजिन आढळल्यास ते नंतरचे, हे तेथेच ठरते. मात्र ‘व्ही’ असल्याने एवढेच सिद्ध होते, की एंजिन व्ही-८ होते. कार्ब्युरेटर की अंतःक्षेपण, दंतचक्रपेटी हाताने चालणारी की स्वयंचलित, हे या क्रमांकावरून कळत नाही. आश्चर्य म्हणजे गाडी बंद की उघडटपी हेही त्यावरून कळत नाही. ते कळते एंजिन व प्रवासीकक्ष यांमधील पडद्यावर लावलेल्या फिशर कंपनीच्या देहपट्टीवरून. उघडटपी बेल एअरच्या पट्टीवर ‘५७-१०६७डी’ हा आकृतिक्रमांक असतो. शिवाय रंगाचे व आतील सजावटीचे संकेतांक असतात. परंतु ही पट्टी काढून दुसरी बसविणे अवघड नाही आणि नव्याने छापलेल्या पट्ट्या विकतही मिळतात. म्हणून पट्टीपेक्षा सांगाडा पाहावा. छताचा आधार गेल्याने देह वळू नये यासाठी उघडटपी गाडीच्या सांगाड्यात फुलीच्या आकाराचे मजबुतीचे पोलाद असते, बंद गाडीत ते नसते. पट्टी बदलणाऱ्याला हे पोलाद सहसा बदलता येत नाही, आणि गाडीखाली उताणे पडून दिवा धरण्याचे कष्ट न घेणाऱ्या परीक्षकाचे मत विचारात घेण्याचे कारण नाही.

एंजिनाच्या ओतकामावर ते केव्हा ओतले याची तारीख उठविलेली असते. ‘सी १५ ७’ म्हणजे १९५७ च्या मार्चची १५ तारीख. ए ते एल ही अक्षरे बारा महिन्यांची. त्याशिवाय एंजिनाच्या यंत्रण केलेल्या सपाट भागावर कारखाना, जुळणीची तारीख आणि एंजिनाच्या प्रकाराचे संकेताक्षर ठोकलेले असते. या तारखा एका ओळीत लागल्या पाहिजेत : ओतकाम आधी, एंजिनाची जुळणी नंतर, गाडीची जुळणी त्याहून नंतर, व या टप्प्यांतील अंतर सामान्यतः काही दिवस ते काही आठवडे. गाडी मार्चमधील व एंजिन जूनमधील असेल, तर ते त्या गाडीचे नव्हे. सपाट भागावर कारखान्यातील यंत्रणाच्या बारीक समांतर रेघा दिसतात. तो घासून क्रमांक पुन्हा ठोकला असल्यास त्या नाहीशा होतात. या काळच्या एंजिनावर गाडीचा क्रमांक नसे. म्हणून १९५७ च्या शेव्हरोलेबाबत ‘एंजिन व गाडीचे क्रमांक जुळतात’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर त्याचा अर्थ फार तर तारखा व प्रकार जुळतात, एवढाच घ्यावा.

पुढच्या दशकात क्रमांक अधिक बोलके झाले. १९६० पासून शेव्हरोलेच्या क्रमांकात देहप्रकार आला. १९६५ च्या क्रमांकातील ‘१६४६७’ हे आरंभीचे अंक व्ही-८ एंजिनाची उघडटपी इंपाला दर्शवितात. त्याच वर्षापासून जनरल मोटर्सने क्रमांकपट्टीसाठी फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याची रिव्हेट वापरली. साध्या गोल रिव्हेटी दिसल्यास शंका घ्यावी. एप्रिल १९६४ मध्ये अवतरलेल्या फोर्ड मस्टँगच्या ‘५एफ०८के’ या आरंभात १९६५ चे वर्ष, डिअरबॉर्नचा कारखाना, उघडटपी देह आणि २८९ घन इंचांचे २७१ अश्वशक्तीचे खास एंजिन, एवढे सर्व सामावलेले असते. ‘के’ ऐवजी ‘सी’ असेल तर तेच एंजिन सौम्य स्वरूपाचे, २०० अश्वशक्तीचे. एका अक्षराने गाडीचे मोल बदलते. मस्टँगच्या दारावरील पट्टीत रंग, सजावट, जुळणीची तारीख, आसावरील दंतचक्रांचे गुणोत्तर यांबरोबर विक्री विभागाचा दोन अंकी संकेतांक असतो व नव्वदीतील अंक निर्यातीचे होत. भारतात सापडलेल्या गाडीवर असा अंक असणे हा तिच्या मूळ प्रवासाचा चांगला पुरावा ठरतो. एखाद्या अमेरिकी शहराचा अंक असल्यास ती आधी तेथे विकली गेली व मागाहून कोणाबरोबर तरी येथे आली, असे अनुमान निघते.

कागदोपत्री पुरावा कंपनीपरत्वे असमान आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची एकेका गाडीची नोंद मिळू शकते. कॅनडातील जनरल मोटर्सच्या १९४५ पासूनच्या गाड्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत व उजव्या सुकाणूच्या गाड्यांसाठी त्यांचे मोल मोठे आहे. अमेरिकेतील शेव्हरोलेबाबत मात्र जुन्या नोंदी एकेका गाडीपुरत्या उरलेल्या नाहीत. त्यामुळे ‘अशा साहित्याच्या जगात अमुकच उघडटपी शेव्हरोले आहेत’ हे विधान बहुधा गणिती अटकळ असते : एका साहित्याचे प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाने गुणून ते मिळविलेले असते. साहित्याची निवड परस्परांवर अवलंबून असल्याने हा गुणाकार शास्त्रशुद्ध नव्हे. महाग एंजिन घेणारा ग्राहक महाग रेडिओही घेई. जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला साहित्यपत्रक कागद कधीकधी आसनाच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली अडकून राहतो; तो मिळाल्यास वाद मिटतो. येथील गाड्यांची आसने अनेकदा रेक्झिनने नव्याने मढविलेली असतात आणि त्या कामात हे कागद कचरा म्हणून फेकले गेले आहेत. जुनी आसने उसविण्यापूर्वी ती पाहण्याची काळजी अजूनही फार थोडे कारागीर घेतात.

महाराष्ट्रातील गाड्यांचे विशेष प्रश्न : येथील अमेरिकी गाड्यांवर हवामान, कायदा आणि इंधनाचा खर्च या तिहींनी आपापल्या खुणा ठेवल्या आहेत. कोकणपट्टीच्या पावसात टपाच्या कडेचे पाणी दारांच्या व पायटणीच्या पोकळीत मुरते आणि उघडटपी गाडीची जी मजबुती त्या भागांवर अवलंबून असते, तीच प्रथम गंजते. १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर कित्येक मोठ्या गाड्यांची मूळ एंजिने काढून त्यांत डीझेल एंजिने बसविण्यात आली. काढलेली एंजिने भंगारात गेली. डाव्या सुकाणूचे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० अन्वये इशारादर्शक साधन आवश्यक असते. अशी अडचण टाळण्यासाठी किंवा केवळ सोयीसाठी अनेकांनी सुकाणू येथेच उजवीकडे हलवून घेतले. कारखान्यात उजव्या सुकाणूची बनलेली गाडी व येथे फिरविलेली गाडी यांतील भेद उपकरणफळीच्या जोडांवरून आणि सुकाणूपेटीच्या आधारावरील वितळजोडांवरून कळतो. शेवटचा व सर्वांत हानिकारक प्रकार म्हणजे वरातीसाठी किंवा मिरवणुकीसाठी बंद गाडीचे छत कापून तिला उघडी करणे. अशा गाडीला टपाचा सांगाडाच नसतो, आणि काही वर्षांत तिची दारे नीट लागेनाशी होतात.

नोंदणीक्रमांकावरून वयाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर ‘बीएम’ने व महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या काळात ‘एमआर’, ‘एमएम’ अशा अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असत. १९८९ पासून ‘एमएच’ मालिका आली. नवी मुंबईतील शिरवणे, नेरूळ किंवा वाशी येथे आज ठेवलेल्या एखाद्या १९५७ च्या शेव्हरोलेवर मुंबईचा मूळ क्रमांक असू शकेल, तसाच दुसऱ्या राज्यातून आणून नव्याने नोंदविल्यामुळे ‘एमएच ४३’ हाही असू शकेल. जुना क्रमांक ही मूल्यवान खूण आहे, पण ती त्या गाडीच्या नोंदणीपुस्तकाशी व पुस्तकातील चासी क्रमांक प्रत्यक्ष पट्टीशी ताडून पाहिल्याविना नव्हे. जुन्या पुस्तकांत एंजिनाचा क्रमांकही नोंदलेला असतो. मूळ एंजिन केव्हा गेले हे त्यातील दुरुस्त्यांवरून कळते.

या तपासणीला २०२१ मध्ये कायद्याचे महत्त्व प्राप्त झाले. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, देह वा एंजिन यांत भरीव फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला. अशा वाहनास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून ती दहा वर्षे टिकते व नूतनीकरणास ५,००० रु. पडतात. नित्याच्या किंवा व्यापारी वापरास ही वाहने रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, मेळावे, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी आणता येतात. डीझेल एंजिन बसविलेली किंवा छत कापलेली गाडी या व्याख्येत बसविणे कठीण आहे, आणि महाराष्ट्रात वाचलेल्या अमेरिकी गाड्यांपैकी पुष्कळांची गत तीच आहे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा वरचे स्थान दिले आहे व गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा भाग मानला आहे. या दृष्टीने पाहिल्यास शिवडीत जोडलेली, आसने दोनदा मढविलेली पण एंजिन व सांगाडा मूळचा असलेली फीटन शेव्हरोले ही, अलीकडे अमेरिकेतून सर्व नवे भाग मागवून चकचकीत केलेल्या बेल एअरपेक्षा अधिक दुर्मिळ ऐतिहासिक साधन ठरते. बाजारभाव याच्या नेमका उलट लागतो. आणि तो पाहून शिवडीच्या गाड्यांचे मालक आपल्या गाड्यांवरील जुन्या पट्ट्या, काचा व दिवे काढून त्यांच्या जागी आयात केलेले नवे भाग बसवीत आले आहेत.